पिंपातलं डिझेल आणि तुमचं कात्रण

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत डिझेलचा धंदा करा, गावातच राहून कमवा, अशा टायपाचा अर्ध्या पानाचा लेख आला होता. मी तो एकदा नाही चांगला दहा-बारा वेळा वाचलाय, कारण माझ्या पुतण्याने त्याचं कात्रण फ्रीजवर लावून ठेवलंय आणि पाणी प्यायला गेलं की ते समोरच दिसतं. लेख लिहिणारा हुशार असणार, भाषा बरी आहे, पण त्याने आयुष्यात कधी टाकीत डीप, म्हणजे तेलाची पातळी मोजायची दांडी, टाकून बघितली नसावी असं मला राहून राहून वाटतं. मी बघितलीय. २२ वर्षं एका बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर होतो, आधी नोझल मारायला, मग वही सांभाळायला. आता रिटायर झालोय, गुडघे गेलेत, पण हिशोब अजून तोंडपाठ आहे म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर कापा पण आकडे कापू नका.

आधी सगळ्यात डेंजर गोष्ट सांगतो. तुमच्या लेखात एक चौकट होती, त्यात लिहिलंय की २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवायला लायसन लागत नाही त्यामुळे छोट्या प्रमाणात सुरुवात करता येते. अर्धं वाक्य खरं आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, त्यात डिझेल 'ब' वर्गात येतं, म्हणजे ज्याची वाफ २३ ते ६५ डिग्रीच्या मधे पेट घेते ते. त्या वर्गाचा एकूण साठा एका जागी २,५०० लिटरच्या वर नसेल आणि कुठलंच भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठ्याचं लायसन लागत नाही, हे बरोबर. पण ही सवलत ठेवण्याची आहे हो, विकण्याची नाही! खाणवाल्याने आपल्या जेसीबीसाठी दहा पिंपं आणून ठेवली, तर ते यात बसतं. तेच पिंप उघडून शेजाऱ्याच्या टेम्पोत ओतून पैसे घेतले की तुम्ही वेगळ्या खात्यात गेलात, तिथे २००५ चा केंद्र सरकारचा पेट्रोल-डिझेल पुरवठ्याचा आदेश लागतो, आणि त्यात विकायची परवानगी तेल कंपनीने नेमलेल्या डीलरलाच आहे. तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला, म्हणजे १९५५ चा, आणि त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. ही गोष्ट चौकटीत एका ओळीत मावली असती.

आता पुतण्या. पोरगा बीकॉम झालाय, मुंबईला दोन वर्षं नोकरी केली, लॉकडाऊनमध्ये परत आला तो आलाच. हुशार आहे, उगाच बसून खाणारा नाही. त्याच्या डोक्यात २०१८ पासून पंप आहे, म्हणजे त्या नोव्हेंबरात तिन्ही सरकारी कंपन्यांनी एकदम ५५ हजारांच्या वर जागांची जाहिरात काढली होती ना, तेव्हापासून. त्या जाहिरातीने आमच्याकडे काय झालं सांगतो, अर्धा तालुका सात-बारा काढायला तलाठ्याकडे रांगेत उभा होता. कारण अर्जात गट होते, ज्याची जागा स्वतःची किंवा रजिस्टर भाडेपट्ट्याची तो पहिल्या गटात, ज्याच्याकडे मालकाची पक्की ऑफर तो दुसऱ्यात, ज्याच्याकडे काहीच नाही तो तिसऱ्यात. आणि भाडेपट्टा किमान १९ वर्षं ११ महिन्यांचा हवा.

देशावर ठीक आहे, तिथे एकेकाची पाच-दहा एकर रस्त्याला लागून असते. कोकणात? आमच्या रस्त्याकडच्या २१ गुंठ्यांच्या सात-बाऱ्यावर २३ नावं आहेत. त्यातली ९ मयत, वारस लागलेले नाहीत. उरलेली विरार ते डोंबिवली पसरलेली आणि दोघंजणं अशी की ती आहेत की नाहीत हेही आम्हाला गणपतीलाच कळतं. पुतण्याने प्रत्येकाकडे जाऊन सही मागितली, प्रत्येकाने चहा पाजला. एक आत्या म्हणाली आधी वाटण्या करा मग बघू, चुलतभाऊ म्हणाला पंप झाल्यावर मला महिन्याला किती देणार, आणि एकाने तर सरळ विचारलं की तिथला हापूस तोडणार का, तो आजोबांनी लावलाय. आता तो हापूस ज्या आजोबांनी लावला त्यांचंच नाव अजून सात-बाऱ्यावर पहिलं आहे. असो.

समजा सह्या मिळाल्या असत्या तरी पुढे बिनशेती, पुढे रस्त्याच्या खात्याची एंट्रीची परवानगी, कलेक्टरची ना हरकत, मग पेसो म्हणजे पूर्वीचं एक्स्प्लोझिव्ह खातं, त्याचं हेड ऑफिस नागपूरला. समुद्राच्या अंगाला जागा असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, ते वेगळंच. शिवाय २०२० च्या जानेवारीत प्रदूषण मंडळाचा, म्हणजे केंद्राच्या, नियम आला की नवा पंप शाळा, दवाखाना आणि वस्तीपासून ५० मीटर लांब हवा, अगदीच अडचण असेल तर जादा सुरक्षा करून ३० मीटर. आमच्या जागेपासून जिल्हा परिषदेची शाळा ४० पावलांवर. पटावर मुलं सात. पण शाळा ती शाळाच, आणि नियम बरोबरच आहे, त्या सातांतली एक माझी नात आहे.

कोणी म्हणेल मग कंपनीच्या नादाला कशाला लागायचं, आपलंच डिझेल आणून आपल्या नावाने विकू. लेखात तसंच काहीतरी सुचवलंय, 'स्वतःचा ब्रँड' म्हणून. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने नियम सैल केले हे खरं, आधी २,००० कोटींची गुंतवणूक दाखवायला लागायची, आता २५० कोटींची नेटवर्थ पुरते. पुरते! पुतण्याला म्हटलं बघ रे तुझ्या पासबुकात, थोडे कमी असतील तर मी घालतो.

त्याच दरम्यान त्याला एक फोन आला. तुमचं लोकेशन मंजूर झालंय, रजिस्ट्रेशनचे २५ हजार भरा, ईमेलवर लेटर आलं, वर लोगो, खाली शिक्का, आणि 'महाराष्ट्रा' असं स्पेलिंग चुकवलेलं. पोराने भरले. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे अजून मागितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गेले ते गेले. ज्यांना अर्ज करायचाच आहे त्यांनी एवढंच बघावं, सरकारी कंपन्यांची डीलर निवड पेट्रोलपंपडीलरचयन नावाच्या एकाच पोर्टलवर चालते, जाहिरात पेपरात येते, आणि फोन करून जागा वाटत कोणी फिरत नाही.

आता मेन मुद्द्यावर येतो. समजा जागा झाली, पंप झाला, उद्घाटनाला आमदार येऊन गेले, पेढे वाटले. कमाई किती? लेखात 'भरघोस मार्जिन' लिहिलंय, आकडा नाही. मी देतो. डीलरला डिझेलवर लिटरमागे साधारण तीन रुपये मिळतात. तेही ३० ऑक्टोबर २०२४ ला वाढ झाली म्हणून, त्याआधी सात वर्षं कमिशन हललंच नव्हतं. भाव नव्वद धरू. बारा हजार लिटरचा टँकर मागवला की १० लाख ८० हजार आधी मोजायचे, कंपनी उधार देत नाही, पैसे जमा झाले की गाडी सुटते. त्या टँकरवर तुम्हाला मिळणार ३६ हजार. दिवसाला हजार लिटर जाणारा छोटा गावातला पंप असेल तर महिन्याला ९० हजार, त्यातून चार पोरांचा पगार बारा-बारा हजाराने धरला तरी ४८ गेले, लाईट बिल, जनरेटर, बँकेचं व्याज. पेट्रोलची विक्री जोडीला असते म्हणून पंप चालतात, नुसत्या डिझेलवर बसलेला माणूस मी तरी बंदरावर सोडून कुठे पाहिला नाही.

आणि हे सगळं रोखीत विकलं तर हं. कोकणात डिझेल रोखीत कोण नेतं? टुरिस्ट नेतो, तो गूगल पे करतो आणि पुढे हर्णैला मासे खायला जातो. बाकी आमची गिऱ्हाइकं म्हणजे चिरेखाणवाला, डंपरवाला, बोअरवेलची गाडी, आंब्याच्या सीझनला वाशीला जाणारे पिकअप आणि बोटी. यातला प्रत्येक माणूस उधारीवर चालतो, त्याचा दोष नाही, त्यालाच पैसे उशिरा मिळतात. चिरेखाणवाल्याला बिल्डर देत नाही, पिकअपवाल्याला वाशीचा दलाल विक्रीची पट्टी उशिरा पाठवतो, आणि नाखवाचं, म्हणजे बोटीच्या मालकाचं, तर सगळं मासळीच्या लिलावावर. बोट आठवडाभराच्या फेरीला निघते तेव्हा हजार-दोन हजार लिटर भरते, बर्फ, पाणी, खलाशांचं रेशन, सगळं उधार. फेरी लागली, म्हणजे मासळी मिळाली, तर आल्यावर देतो. नाही लागली तर म्हणतो पुढच्या फेरीचं भरा, दोन्हीचे एकदम देतो. आता तुम्ही त्याला पुढच्या फेरीचं नाही दिलंत तर मागचे पण बुडाले, कारण बोट धक्क्यावर उभी राहून पैसे कुठून आणणार? म्हणून परत भरायचं. आमच्या वहीत अशी पानं होती की वरची तारीख दिवाळीची आणि खालची सही शिमग्याची.

गणित करा. १० लाख ८० हजारांचा एक टँकर ४५ दिवस उधारीत अडकला, तुमचे पैसे बँकेचे असतील तर १२ टक्क्यांनी १६ हजार २०० रुपये व्याज. ३६ हजारातले जवळजवळ निम्मे गेले, अजून पगार दिलेला नाही. आणि एखादा लाखभर रुपये घेऊन बुडाला तर? तीन रुपयाने लाख भरून काढायला ३३ हजार लिटरच्या वर डिझेल विकायला लागतं. पावणेतीन टँकर फुकट! हे पुतण्याला मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो म्हणाला काका आपण उधारी द्यायचीच नाही. म्हटलं बरं. मग तुझ्याकडे येणार कोण?

वर १ जूनपासून बंदी. किमान ६१ दिवस यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, बरोबरच आहे, मासळीची अंडी घालायची वेळ असते आणि तसंही त्या वाऱ्यात जाणार कोण. पण मेच्या शेवटी बोटी ओढून शाकारल्या की तुमची उधारी पण त्यांच्याबरोबर झापाखाली जाते, ती नारळी पौर्णिमेनंतर दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय बाहेर येत नाही. खाणी पण पावसात बंद. आंबा संपलेला. म्हणजे विक्री नाही, वसुली नाही, पगार चालू, हप्ता चालू. ज्याला धंदा काढायचाय त्याने त्याच्या कागदावर जून ते ऑगस्टचा रकाना वेगळा करावा, लेखातल्या तक्त्यात बारा महिने सारखे धरलेत, ते पुण्याला चालत असेल.

सोसायटीच्या पंपाचं वेगळं दुखणं होतं, तेही लिहितो कारण लेखात 'मच्छीमारांना सवलतीचं डिझेल पुरवा' हाही एक धंदा म्हणून दिलाय. सवलत म्हणजे काय तर राज्याचा व्हॅट मच्छीमाराला परत मिळतो. परत, म्हणजे नंतर. आधी पूर्ण भाव भरायचा, मग कागद जायचे, मग परतावा यायचा, कधी यायचा ते समुद्रालाच माहीत. आणि २०२२ चा मार्च तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, क्रूड भडकलं, पण साध्या पंपांवरचा भाव नोव्हेंबर २०२१ पासून गोठवलेला होता. जे कंपनीकडून थेट घाऊक घेतात त्यांचा भाव मात्र बाजाराप्रमाणे वर गेला. मुंबईत पंपावर ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक १२२ रुपये ५ पैसे! घाऊक घेतलं तर महाग, किरकोळ स्वस्त, असलं जगात कुठे बघितलंय? आमच्यासारख्या सोसायट्या घाऊक गिऱ्हाइकात मोडत होत्या. आमच्या पंपावर माशी बसेना, आणि नाखवे पिंपं टेम्पोत घालून गावातल्या पंपावर रांगेत. त्यांना काय बोलणार, मी पण तेच केलं असतं. त्यांच्यातले जे आमचे मागचे देणेकरी होते ते तर पंपासमोरून जाताना मान पण वळवायचे नाहीत.

भावाचंच निघालंय तर अजून एक. डिझेलचा भाव ऑक्टोबर २०१४ ला सरकारने मोकळा केला आणि जून २०१७ पासून तो रोज सकाळी सहाला बदलू शकतो. वाढला तर टाकीतल्या मालावर चार पैसे सुटतात. उतरला तर? ३ नोव्हेंबर २०२१, दिवाळी, केंद्राने रात्री जाहीर केलं की डिझेलवरची एक्साइज दहा रुपयांनी कमी. लोकांनी फटाके वाजवले. व्हॅटसकट मुंबईत भाव एका रात्रीत बारा रुपयांच्या वर उतरला. सुट्ट्या म्हणून पंपवाल्यांनी टाक्या भरून ठेवलेल्या होत्या, ज्याच्याकडे २० हजार लिटर होतं त्याचे दोन लाखांच्या वर गेले, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. पुढच्या मे मध्ये परत सहा रुपये. ग्राहक म्हणून मला आनंदच झाला हो, पण धंद्याच्या लेखात हे यायला नको?

खाली सिंधुदुर्गात तर अजून मजा. माझा मेव्हणा बांद्याचा. तिकडे गोव्याची हद्द हाकेवर, आणि गोव्यात टॅक्स कमी. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता तेव्हापासून तिकडच्या लोकांना पत्रादेवी ओलांडून टाकी भरायची सवय लागली ती लागलीच. डिझेलचा फरक आता दोन-चार रुपयांचाच आहे पण तीनशे लिटरची टाकी असलेला ट्रक तेवढ्यासाठी वीस किलोमीटर रिकामा ढकलत नेईल. तुम्ही सावंतवाडी-बांदा पट्ट्यात पंप काढा म्हणून सल्ला देताय, आधी तिथल्या एखाद्या पंपवाल्याशी चहा पिऊन या.

माल हाताळणं हा तर वेगळा विषय, त्यावर लेखात एक ओळ पण नाही. आमच्याकडे टँकर मुंबईकडून आला तर कशेडी घाटाने, मिरजेकडून आला तर कुंभार्ली घाटाने. कशेडीला बोगदा झाला तरी पावसात दरड आली की गाडी दोन दिवस तिकडेच. गाडी आली की लगेच खाली करायची नाही, जरा स्थिर होऊ द्यायची, अर्थिंग लावायचं, सील बघायचं, प्रत्येक चेंबरची डीप घ्यायची, जारमध्ये सॅम्पल काढून हायड्रोमीटर सोडायचा, थर्मामीटर बघायचा आणि चार्टवरून १५ डिग्रीची डेन्सिटी काढायची, चलनावरच्या आकड्यापेक्षा तीन पॉइंटच्या वर फरक आला तर गाडी घ्यायची नाही. एवढं करून पण माल कमी भरतो. चोरीने नाही, थंडीने! डिझेल गरम झालं की फुगतं, दर डिग्रीला हजारात सुमारे ०.८ भाग. डेपोत दुपारी ३८ डिग्रीला भरलेलं बारा हजार लिटर तुमच्या जमिनीखालच्या टाकीत २८ ला आलं की जवळजवळ शंभर लिटर गायब. नऊ हजार रुपये, कमिशनचा चौथा हिस्सा. पावसात उलट होतं म्हणा थोडंफार, पण पावसात विकतो कोण.

आणि पाणी. कोकणात डिझेलचा खरा वैरी पाणी. टाकीच्या झाकणातून, पाइपातून, नुसत्या दमट हवेतून पण शिरतं, डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं, आणि त्या दोघांच्या मधल्या थरात जंतू वाढतात, काळा शेंबडासारखा गाळ होतो, तो बोटीच्या फिल्टरमध्ये गेला की इंजिन समुद्रात बंद पडतं. मग तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, परत येऊन पंपवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करतो, आणि त्याचं काही चुकत नाही कारण तिथे भर समुद्रात गॅरेज नसतं. म्हणून रोज सकाळी डीपच्या रॉडला पेस्ट लावून तळ बघायचा, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. २२ वर्षं मी दिवसाची सुरुवात ह्याने केली, देवपूजा नंतर. जुलैच्या पावसात रिकामी टाकी ठेवायची नाही हे पण कोणी सांगत नाही, जांभ्यात खड्डा मारलेला असतो, त्यात पाणी भरतं आणि रिकामी टाकी होडीसारखी वर येते, वरचं काँक्रीट फोडून. नीट बांधून घातली नसेल तर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला जे झालं ते बघितल्यावर तरी पुराच्या रेषेचा विचार करूनच टाकी बसवावी. उलट बाजूने निसर्ग वादळ बघा, ३ जून २०२०, आमच्याकडे किती आठवडे लाईट नव्हती, तेव्हा ज्याच्याकडे डिझेल होतं तो राजा होता, पण पंपाचं मशीन पण लाईटवरच चालतं, आपला जनरेटर आधी चालला पाहिजे.

पुतण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पंप होत नाही म्हटल्यावर त्याने बायोडिझेल काढलं. म्हणे आपल्याकडे उंडीची झाडं आहेत, करंज आहे, रूडॉल्फ डिझेलचं इंजिन तर १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. म्हटलं हो, तेव्हा शेंगदाण्याचा भाव काय होता ते पण बघ. पण खरं सांगू का, ही आयडिया मला आतून आवडली होती. माझ्या लहानपणी घरात उंडेलाचे दिवे असायचे, कडू वासाचे, होडीच्या लाकडाला पण तेच तेल. किनाऱ्यावर उंडीची झाडं आपोआप येतात, मगजात निम्म्याहून जास्त तेल असतं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात पण उंडीवर काम झालेलं आहे. घरचं इंधन, कोणाला नको?

तर पोराने पडवीत प्रयोग मांडला. घाण्यावरून उंडीचं तेल आणलं, मिथेनॉल आणि कॉस्टिक आणलं, मोबाईलवर बघून पिंपात ढवळलं. सकाळी बघतो तर पिंपात साबण. तपकिरी, घट्ट, फावड्याने काढायला लागला. कारण उंडीच्या तेलात मोकळी आम्लं जास्त, कॉस्टिक घातलं की सरळ साबण होतो, आधी ॲसिडने एक फेरी करून ती आम्लं मोडायला लागतात, मग दुसऱ्या फेरीत बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन. हे नंतर कळलं. मिथेनॉल विषारी आणि भडकणारं, आमची ही त्या आठ दिवसांत पडवीत स्टोव्ह पेटवू देत नव्हती, बरोबरच होती. तो साबण अजून आहे, गोठा धुवायला मस्त.

मग हॉटेलांचं जळकं तेल. हे त्यातल्या त्यात बरं होतं. २०१८ पासून नियम आहे, तळणाच्या तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खायला वापरायचं नाही, आणि अन्न सुरक्षावाल्यांनी असं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायची स्कीम पण काढलीय. सीझनला मुरुड, गुहागर, गणपतीपुळे, सगळीकडे तळण चालू. पोरगा दोन महिने फिरला. हॉटेलवाले काय म्हणतात, काळं झालेलं? काळं होईपर्यंत वापरतो, उरतच नाही! तरी महिन्याला काही डबे जमतात, ते तो एका नोंदणीकृत कारखान्याला पाठवतो. स्वतः बायोडिझेल बनवून रस्त्यावर विकायचा नाद त्याने सोडला, कारण त्यालाही २०१९ चे नियम आहेत आणि हल्ली बायोडिझेल असा बोर्ड लावून भलतंच इंडस्ट्रियल तेल विकणाऱ्यांवर धाडी पडतात, त्यात खरा खोटा कोण बघत बसतो.

मी त्याला सध्या एका ओळखीच्या पंपावर वही सांभाळायला बसवलंय. अट एकच घातलीय, गणपती ते मे एक सीझन पूर्ण उधारी वसूल करून दाखव, मग सात-बाऱ्याच्या सह्या मागायला मी स्वतः डोंबिवलीला येतो. शिमग्यापर्यंत त्याची साडेतीन लाख बाहेर होती. मेच्या अखेरीला सव्वा लाख. बोटी आता शाकारल्यात, तो रोज संध्याकाळी नाखवांच्या घरी जाऊन बसतो, चहा पितो, विषय काढत नाही म्हणतो, नुसता बसतो. जमेल त्याला.

तर संपादक साहेब, मला लेख लिहिणाऱ्यावर राग नाही. पण ती २,५०० लिटरची चौकट तेवढी दुरुस्त करा, पहिल्या पानावर नको, जिथे छापली होती तिथेच आणि तेवढीच मोठी छापा. कारण आमच्या शेजारच्या वाडीतल्या दोन पोरांनी तुमचं तेच कात्रण दाखवून घरातून पैसे घेतलेत आणि परवा छोट्या हत्तीतून आठ रिकामी पिंपं उतरवून घेतलीत, मी सांगायला गेलो तर म्हणाले काका, पेपरात आलंय. पिंपं अजून रिकामी आहेत. रविवारपर्यंत तरी राहतील असं वाटतंय.

आपला एक जुना वाचक
(नाव छापू नये, वसुली चालू आहे)
ता. दापोली, जि. रत्नागिरी